लँड क्रूझर ८०: पुढच्या ब्रेक डिस्क आणि हब सील बदलण्याची रीत

ओमान किंवा अमिरातीत राहणारी बरीच मराठी मंडळी डोंगरात आणि वाळूत फिरण्यासाठी जुनी टोयोटा लँड क्रूझर ८० घेतात, आणि पहिल्याच वर्षात त्यांना पुढचे ब्रेक दुरुस्त करण्याची वेळ येते. चाक उतरवले आणि कॅलिपर (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) बाजूला केला की डिस्क हातात येईल, असा साध्या मोटारीवरून आलेला समज इथे लागू पडत नाही. या गाडीच्या पुढच्या ॲक्सलवर डिस्क हबच्या (चाक ज्यावर बसते त्या फिरत्या भागाच्या) आतल्या बाजूला बोल्टने जखडलेली असते, त्यामुळे डिस्क काढायची तर आख्खे हब स्पिंडलवरून (ज्या स्थिर पोकळ दांड्यावर ते फिरते त्यावरून) उतरवावे लागते, आणि हब उतरवले म्हणजे दोन्ही बेअरिंगे, त्यांचे ग्रीस आणि मागचे सील उघडे पडलेच. म्हणून डिस्क बदलण्याचे काम हे मुळात बेअरिंग आणि सीलचे काम आहे, असे समजूनच त्याला हात घालावा. डिस्क नवी बसवून जुने सील तसेच ठेवणारा माणूस थोड्याच दिवसांत ग्रीसने माखलेल्या नव्या डिस्ककडे पाहत बसतो.

पुढे दिलेले आकडे १९९० ते १९९७ या काळात विकल्या गेलेल्या ८० मालिकेच्या अखंड (सॉलिड) पुढच्या ॲक्सलला लागू आहेत. १९९२ च्या उत्तरार्धात अनेक बाजारपेठांतल्या गाड्यांचे ब्रेक मोठे झाले, तेव्हा सुटे भाग मागवताना केवळ सालावर विसंबू नये आणि दुकानदाराला चासी नंबर द्यावा.

आधी गळती कोणती ते ओळखा

पाने बाहेर काढण्यापूर्वी गाडीखाली आडवे होऊन बॅटरीच्या प्रकाशात चाकाची आतली बाजू नीट पाहावी. इथे तीन वेगवेगळे द्रव गळू शकतात आणि प्रत्येकाचा दोष वेगळा असतो.

डिस्कच्या मागच्या तोंडावर आणि रिमच्या आतल्या कडेवर घट्ट, चिकट ग्रीस उडालेले असेल, तर हबचे सील गेले आहे. वरून पातळ, पारदर्शक द्रव ओघळलेला असेल आणि ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी उतरली असेल, तर दोष कॅलिपरच्या रबरी सीलमध्ये किंवा पाइपच्या जोडात आहे. स्टिअरिंगबरोबर वळणाऱ्या नकलच्या मागे जो मोठा गुळगुळीत गोळा दिसतो, त्यावरून काळे, पातळ आणि गिअर ऑइलचा उग्र वास असलेले मिश्रण ओघळत असेल, तर ॲक्सलच्या नळीच्या टोकाचे आतले सील निकामी झाले आहे आणि डिफरन्शियलचे तेल नकलमध्ये शिरले आहे.

या तिसऱ्या प्रकाराकडे विशेष लक्ष द्यावे, कारण तो पहिल्याचे सोंग घेऊन येतो. नकलमध्ये साचलेले तेल स्पिंडलच्या आतून वाट काढत हबमध्ये पोहोचते, तिथले बेअरिंगचे ग्रीस पातळ करते आणि शेवटी हबच्याच सीलमधून बाहेर पडते. वरवर पाहणाऱ्याला हबचे सील फाटले असे वाटते, तो ते बदलतो आणि गळती पुन्हा सुरू होते. खात्री करून घेण्याचा उपाय सोपा आहे. नकलच्या वरच्या बाजूला चौकोनी खाच असलेला एक प्लग असतो. तो उघडून स्वच्छ तार आत बुडवावी. तारेला करड्या-काळ्या रंगाचे, मेणासारखे घट्ट ग्रीस लागून आले तर आतले सील शाबूत आहे. तारेवरून थेंब ओघळू लागले तर नकल उघडून आतले सील बदलल्याशिवाय हबच्या सीलवर पैसे घालवू नयेत. ग्रीस दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे.

पाणी आत कसे जाते, हे वाडी (ओमान-अमिरातीतला डोंगरी ओढा) ओलांडणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यायला हवे. डोंगर उतरून आलेल्या गाडीचे हब चांगलेच तापलेले असते. ते थंड पाण्यात उतरले की आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठाखालून पाणी आत ओढले जाते. सील जुने आणि ताठर झालेले असेल तर हे आणखी सहज घडते. ॲक्सलचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी झडप) चिखलाने बंद झाला असेल तर उलटाही प्रकार होतो: तेल तापून दाब वाढतो आणि त्याला बाहेर पडायला सीलखेरीज दुसरी वाट उरत नाही. त्यामुळे सील बदलण्याच्या दिवशीच ब्रीदर काढून, धुऊन, त्यातून फुंकर मारून पाहावी. ओमानमधल्या वाडी बनी औफच्या वाटेने किंवा जबल अखदर डोंगराच्या उताराने जाणार असाल, तर पाण्याच्या काठावर गाडी थोडा वेळ उभी करून हब निवू देणे सीलच्या आयुष्यासाठी फार हिताचे आहे.

सामान आणि हत्यारे

दोन्ही बाजूंचे काम एकाच वेळी करावे. एकीकडे नवी आणि दुसरीकडे झिजलेली डिस्क असली की ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते. लागणारे सामान असे: दोन डिस्क, पॅडचा संच, प्रत्येक बाजूला एक हब सील, ड्राइव्ह फ्लँजचे (ॲक्सलची फिरकी हबला देणाऱ्या चकतीचे) एक गॅस्केट, हबच्या दोन मोठ्या नटांमध्ये बसणारा लॉक वॉशर आणि ॲक्सलच्या टोकाची सर्क्लिप (खाचेत बसणारे स्प्रिंगचे कडे). बेअरिंगे चांगली निघाली तर तीच पुन्हा वापरता येतात, पण गाडीने कधी पाणी ओलांडले असेल तर नवी आणून ठेवलेली बरी. सील आणि बेअरिंगच्या बाबतीत स्वस्ताईच्या मागे लागू नये. आखातातल्या बाजारात नकली भाग हुबेहूब अस्सल खोक्यातून विकले जातात, तेव्हा खोक्यापेक्षा आतल्या मालाकडे पाहावे: ओठावरची बारीक स्प्रिंग सर्व बाजूंनी सारखी बसली आहे का आणि रबराची कड कुठे तुटक आहे का, हे डोळ्यांना दिसते.

हत्यारांपैकी हबला स्पिंडलवर धरून ठेवणाऱ्या मोठ्या नटांचे ५४ मिमीचे सॉकेट नेहमीच्या पेटीत नसते, ते मुद्दाम घ्यावे लागते. छिन्नी आणि हातोड्याने हा नट फिरवणारे पुष्कळ आहेत. त्यांनी फिरवलेले नट ओळखूही येतात, कारण त्यांच्या कडा चेपलेल्या असतात. मग त्यावर सॉकेट बसत नाही, आणि बेअरिंगचा ताण मोजून देणे कुणालाच शक्य होत नाही. याशिवाय छोटा आणि मोठा असे दोन टॉर्क पाने, सर्क्लिपची पक्कड, पितळी दांडा, सामान तोलायचा स्प्रिंग काटा, ८ मिमी आट्यांचा एक लांब बोल्ट, चाकांच्या बेअरिंगसाठीचे लिथियम ग्रीस, ब्रेक क्लीनर आणि भरपूर सुती चिंध्या हाताशी ठेवाव्यात.

उकलणे

गाडी काँक्रीटच्या सपाट जमिनीवर उभी करून हँडब्रेक ओढावा आणि मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावावेत. चाकाचे नट जमिनीवरच थोडे सैल करून मग ॲक्सलखाली जॅक लावावा आणि ॲक्सल स्टँडवर टेकवावा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीला हात लावू नये. सव्वादोन टनांच्या गाडीखाली या नियमाला अपवाद नाही.

ब्रेकची धूळ हवेने उडवू नये. जुन्या गाडीत कोणते पॅड बसवले गेले होते हे आपल्याला ठाऊक नसते आणि जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ब्रेक क्लीनर मारून धूळ ओली करावी आणि चिंधीने टिपून घ्यावी.

कॅलिपरचे दोन मोठे बोल्ट काढण्याआधी ब्रेकच्या पाइपला धरून ठेवणारा कंस सोडवावा, म्हणजे धातूचा पाइप वाकणार नाही. सुटलेला कॅलिपर तारेने स्प्रिंगला बांधून ठेवावा; होजवर लोंबकळू दिला तर होजच्या आतले थर फाटतात आणि बाहेरून काहीच कळत नाही.

आता हबच्या टोकावरची ग्रीसची टोपी काढली की ॲक्सलचे टोक आणि त्यावरची सर्क्लिप दिसते. सर्क्लिप काढल्यावर ड्राइव्ह फ्लँजचे सहा नट सोडवावेत. नटांखाली प्रत्येक स्टडवर चिरलेला, शंकूच्या आकाराचा वॉशर घट्ट रुतलेला असतो आणि नवखा माणूस हटकून इथेच अडकतो. स्क्रू ड्रायव्हरने उचकटण्याच्या फंदात पडू नये. नट स्टडच्या टोकाशी येईपर्यंत सैल करून तिथेच ठेवावेत, म्हणजे आटे वाचतात, आणि पितळी दांडा लावून स्टडच्या टोकावर व फ्लँजच्या कडेवर खणखणीत ठोके द्यावेत. दोन-चार ठोक्यांनंतर वॉशर टचकन उडून सैल होतो. सहाही निघाले की फ्लँज बाहेर येते. ज्या गाड्यांना हाताने फिरवायची फ्री व्हील हब (चाक ॲक्सलपासून सोडवता येणारी) आहेत, त्यांत आधी बाहेरची डायलची टोपी निघते आणि पुढची रीत हीच राहते.

फ्लँज निघाल्यावर ५४ मिमीचे दोन नट एकामागे एक दिसतात आणि त्यांच्यामध्ये पत्र्याचा लॉक वॉशर असतो. त्याचा दुमडलेला कान सरळ करून बाहेरचा नट, वॉशर, आतला नट आणि जिभेचा जाड वॉशर या क्रमाने काढावेत. बाहेरचे बेअरिंग पुढे घसरते, त्यावर अंगठा दाबून ठेवावा, आणि हब डिस्कसकट दोन्ही हातांनी सरळ बाहेर ओढावे. ते बरेच जड असते. ओढताना स्पिंडलच्या आट्यांवर आपटू देऊ नये.

डिस्क, बेअरिंग आणि सील

हब बाकावर उलटे ठेवून जुने सील उचकटून काढावे आणि आतले बेअरिंग बाहेर घ्यावे. डिस्कचे बोल्ट सोडवले की ती हबपासून सुटते. गंजामुळे चिकटली असेल तर लाकडी ठोकळ्यावरून ठोके द्यावेत. सुटलेली डिस्क मापून घ्यावी. मोठ्या ब्रेकच्या गाड्यांत नवी डिस्क ३२ मिमी जाड असते आणि ३० मिमी ही तिची किमान मर्यादा आहे. जुन्या लहान ब्रेकची मर्यादा वेगळी आहे आणि ती सहसा डिस्कवरच कोरलेली असते. डिस्क मापात बसूनही ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरत असेल, तर तिला घासून घेण्यापेक्षा नवी बसवावी, असे माझे मत आहे. घासलेली डिस्क पातळ होते, आणि जबल अखदरसारख्या लांब उतारावर पातळ डिस्क लवकर तापते. त्या डोंगराच्या पायथ्याच्या बिरकत अल मौझच्या चौकीवर फक्त फोर व्हील ड्राइव्ह गाड्यांना वर सोडतात, ते याच उतारामुळे.

नवी डिस्क बसवताना हबचे तोंड तारेच्या ब्रशने उजळ होईपर्यंत घासावे. तिथे राहिलेला गंजाचा एक पापुद्राही डिस्क तिरकी बसवायला पुरतो. नव्या डिस्कवरचे गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने धुऊन टाकावे आणि बोल्ट समोरासमोरच्या जोडीने टप्प्याटप्प्याने ७४ न्यूटन-मीटरपर्यंत आवळावेत. डायल गेज मिळाले तर सगळे जुळवल्यावर डिस्कचा डोल मोजावा, तो ०.१५ मिमीपेक्षा जास्त नको.

बेअरिंगे रॉकेलमध्ये धुऊन कोरडी करावीत, पण हवेच्या झोताने त्यांना गरगर फिरवू नये. प्रत्येक रोलरवर उजेड पाडून पाहावा. निळसर छटा, बारीक खड्डे किंवा ओरखडे दिसले तर बेअरिंग हबमध्ये बसलेल्या त्याच्या बाहेरच्या कड्यासकट बदलावे. जुन्या कड्यात नवे रोलर चालवू नयेत. कडे हबच्या आतल्या खाचांतून पितळी दांड्याने आलटून पालटून ठोकत काढतात. नवे बसवताना प्रत्येक ठोक्याला बद्द आवाज येतो, आणि कडे तळाला टेकले की आवाज एकदम टणक होतो. तो ऐकू येईपर्यंत काम पुरे झालेले नसते.

ग्रीस भरण्याची रीत हाताचीच चांगली. डाव्या तळव्यावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबून ओढत राहावे, म्हणजे ग्रीस रोलरांमधून वर येऊन दुसऱ्या बाजूने बारीक शेवयांसारखे बाहेर पडते. पूर्ण वर्तुळ असे भरून घ्यावे. हबच्या पोकळीतही कड्यांच्या उंचीपर्यंत ग्रीसचा थर द्यावा, पण पोकळी ठासून भरू नये. तापलेले ग्रीस फुगते आणि सीलवर दाब आणते. नकलमध्ये वापरायचे मॉलिब्डेनमचे ग्रीस वेगळे असते, ते इथे वापरू नये.

आतले बेअरिंग जागेवर ठेवून मग सील बसवावे. सीलची स्प्रिंग असलेली बाजू आत, बेअरिंगकडे येते. सपाट लाकडी फळी वर ठेवून चारही बाजूंनी हलके ठोके देत सील हबच्या कडेशी समतल होईपर्यंत उतरवावे आणि ओठाला बोटाने ग्रीस लावावे, कारण कोरडा ओठ पहिल्या काही किलोमीटरमध्येच जळतो. नवे सील घालण्यापूर्वी स्पिंडलवर ज्या पट्ट्यावर हा ओठ टेकतो, तिथून नख फिरवून पाहावे. नख अडकेल इतकी खाच पडली असेल तर नवे सीलही गळणार. बारीक गंज असेल तर अगदी बारीक पॉलिश पेपर गोलाकार दिशेने फिरवून तो काढावा.

बेअरिंगचा ताण

सगळ्या कामाचे यश इथे ठरते. ताण कमी राहिला तर चाक डोलते, सीलचा ओठ एकीकडे घासतो आणि पॅड मागे ढकलले जाऊन पेडल खोल जाते. जास्त झाला तर बेअरिंग तापून जळते.

हब स्पिंडलवर सरळ सरकवून बाहेरचे बेअरिंग आणि जिभेचा वॉशर घालावा, आतला नट हाताने लावावा आणि ५९ न्यूटन-मीटरपर्यंत आवळावा. मग हब दोन्ही दिशांना दोन-तीन वेळा फिरवून पुन्हा तेवढ्यालाच आवळावा. रोलर आपापल्या जागी बसण्यासाठी हे फिरवणे आवश्यक आहे. त्यानंतर नट हाताने फिरेल इतका सैल करून, छोट्या टॉर्क पान्याने फक्त ५.४ न्यूटन-मीटरला आवळावा. आता चाकाच्या एका स्टडमध्ये स्प्रिंग काट्याचा हूक अडकवून काटकोनात ओढावे आणि हब फिरायला लागते त्या क्षणाचा आकडा वाचावा. तो २.८ ते ५.७ किलोच्या दरम्यान हवा. या वेळी पॅड जागेवर नसावेत, नाहीतर मोजमाप फसवे येते.

लॉक वॉशर घालून बाहेरचा नट ६४ न्यूटन-मीटरला आवळल्यावर काट्याने पुन्हा मोजावे. बाहेरचा नट आतल्याला थोडा दाबतो, त्यामुळे आकडा अनेकदा वाढलेला मिळतो. मर्यादेबाहेर गेला तर कंटाळा न करता दोन्ही नट उघडून आतला किंचित सैल करावा आणि सगळे पुन्हा जुळवावे. मोठे, जड टायर लावणारे मर्यादेच्या वरच्या टोकाजवळ ताण ठेवणे पसंत करतात आणि ते मला पटते. आकडा मनासारखा आला की वॉशरचा एक कान आतल्या नटावर आणि एक बाहेरच्या नटावर दुमडावा.

बंद करणे

फ्लँज बसवण्यापूर्वी सहाही स्टड हबमध्ये घट्ट आहेत का ते तपासावे आणि दोन्ही तोंडांवरचे ग्रीस पुसून काढावे. नवे गॅस्केट, फ्लँज, शंकूचे वॉशर आणि नट लावून ३५ न्यूटन-मीटरला आवळावेत. मग ८ मिमीचा लांब बोल्ट ॲक्सलच्या टोकातल्या आट्यांत घालून ॲक्सल बाहेर ओढून धरावा आणि सर्क्लिप खाचेत बसवावी. ती पूर्ण घेराने खाचेत उतरली आहे, याची बॅटरी मारून खात्री करावी.

कॅलिपरचे पिस्टन मागे ढकलताना त्याचा ब्लीड निपल उघडून जुने ब्रेक ऑइल नळीने बाटलीत जाऊ द्यावे, म्हणजे कॅलिपरमधली घाण वर मास्टर सिलिंडरकडे जात नाही. निपल बंद करून टाकीतली पातळी नव्या ऑइलने भरावी. ग्रीस लागलेले जुने पॅड धुऊन किंवा भाजून पुन्हा वापरू नयेत. कॅलिपरचे बोल्ट १२३ न्यूटन-मीटरला आवळावेत आणि पाइपचा कंस विसरू नये. चाकाचे नट लोखंडी रिमला १४७, तर अलॉय रिमला १०३ न्यूटन-मीटर लागतात.

गाडी हलवण्यापूर्वी पेडल कडक होईपर्यंत पंप करावे. पिस्टन मागे गेलेले असल्यामुळे पहिले काही दाब पोकळच जातात, आणि हे विसरून गिअर टाकणाऱ्याची गाडी समोरच्या भिंतीवरच थांबते. दाबून दाबून पेडल कडक झालेच नाही तर आत हवा शिरली आहे; ती काढल्याशिवाय गाडी हलवू नये.

पहिल्या फेरीत मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरवरून हळूहळू २० पर्यंत वेग उतरवण्याची क्रिया पुष्कळदा करावी, दोन वेळांच्या मध्ये डिस्कला वारा मिळू द्यावा, आणि तापलेल्या अवस्थेत ब्रेक दाबून गाडी उभी ठेवू नये. पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि थरथर कायमची लागते. घरी आल्यावर दोन्ही हबच्या टोकांना हात लावून पाहावा. कोमट असणे ठीक आहे. एक बाजू दुसरीपेक्षा बरीच गरम असेल, तर त्या बाजूचा ताण पुन्हा मोजावा.

साधारण २०० किलोमीटर झाल्यावर, गाडी थंड असताना, फ्लँजच्या सहाही नटांवर टॉर्क पाना पुन्हा लावावा. गॅस्केट बसल्यामुळे पहिल्या खेपेला ते थोडे फिरतात. नंतरच्या तपासणीतही फिरले, तर नट अधिक आवळून प्रश्न सुटत नाही. फ्लँज उतरवून स्टड आणि पिनांची भोके मोठी झाली आहेत का ते पाहावे लागते, कारण या गाडीत सैल फ्लँज स्टड तोडते आणि सारा जोर उरलेल्या स्टडवर येऊन पडतो.